एका कावळ्यासाठी बहरीनभर

भडक कपडे नकोत, अत्तर नको आणि आवाज नको, असे तीन नियम मास्तरांनी फोनवर सांगितले. मी ते आमच्या मंडळींच्या कानांवर घातले तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: "मग जायचं कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. बहरीनमध्ये तोवर आम्ही केलेल्या सहली म्हणजे झल्लाकच्या किनाऱ्यावर सतरंज्या अंथरायच्या, स्टोव्हवर वडे तळायचे, गाण्याच्या भेंड्या लावायच्या आणि ऊन उतरलं की भांडी मोजून परत. भांडी मोजायचं काम माझं. माहूजमधल्या आमच्या बिल्डिंगीत तीन मराठी बिऱ्हाडं होती आणि सहलींपासून गणपतीच्या प्रसादापर्यंत सगळ्या याद्या माझ्याकडे असत. मी अदलियातल्या एका लहानशा कंपनीचं ऑफिस सांभाळायचे. आठवडाभर तिथे जे करायचं तेच सुटीच्या दिवशी घरी. वरच्या मजल्यावरचे पुण्याचे शेजारी बँकेत होते. ते म्हणायचे, "वहिनी, तुमची यादी झाली की सहल झाल्यासारखीच. जायची गरजच उरत नाही." ते टोमणा मारत. मी कौतुक समजत असे.

ही सहल मात्र वेगळी होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. माझ्या ऑफिसातल्या एका बहरीनी बाईंचे मामा शाळेतून निवृत्त झाले होते आणि हिवाळ्यात लोकांना पक्षी दाखवायला नेत. गुरुवारी दुपारी बुदैयाच्या रस्त्यावरच्या जुन्या खजुरीच्या बागा, रात्री त्यांच्याच एका बागेतल्या घरात मुक्काम, शुक्रवारी सकाळी दक्षिणेकडचं झुडपांचं माळरान आणि परतताना तुबलीच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. या फ्लेमिंगोंसाठी बँकवाल्यांनी हातभर लांब लेन्स घेतली होती आणि ती ते मांडीवरून खाली ठेवत नसत.

या मामांना आम्ही मास्तर म्हणू लागलो. त्यांचं लहानपण मुंबईत गेलं होतं. वडील मोत्यांचे व्यापारी. धंदा बसला तेव्हा कुटुंब बहरीनला परतलं, पण मास्तरांची मुंबईची हिंदी आणि चहाबिस्किटांची सवय मुंबईसारखीच राहिली.

आता आईंबद्दल सांगायला हवं. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

आदल्या हिवाळ्यात सासरे गेले. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. दहाव्या दिवशी पिंड ठेवला तेव्हा कावळे समोरच्या आंब्यावर बसून राहिले. एकही खाली उतरेना. थोरल्या दिरांनी हात जोडून काय काय कबूल केलं, यांनी केलं, ऊन चढलं, भटजींना पुढचं काम होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. शास्त्रात तशी सोय आहे. आईंना ती सोय पटली नाही. "गवताचा कावळा," एवढंच म्हणाल्या आणि नंतर पुष्कळ दिवस फार बोलल्याच नाहीत.

एकट्या नकोत म्हणून हे त्यांना बहरीनला घेऊन आले. हळूहळू त्या रुळल्या. खालच्या मजल्यावरच्या केरळी बाईंशी कोणत्या भाषेत कोण जाणे, पण तासन्‌तास बोलू लागल्या. फक्त अमावास्या आली की गच्चीच्या कठड्यावर भाताचा घास ठेवायच्या आणि खुर्ची टाकून बसायच्या. बुलबुल यायचे, चिमण्या यायच्या, पारवे तर रांग लावायचे. कावळा नाही.

"काय गो हा देश," त्या मला म्हणाल्या. "कावळा नाही म्हणजे काय? इथली माणसं मरत नाहीत?"

सहलीचा दिवस ठरला आणि मी कॅलेंडर उघडलं, तर नेमकी त्याच शुक्रवारी सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाची तिथी. विधी गावी थोरले दीर करणार होते, तरी मी सहल पुढे ढकलायला फोनकडे निघाले. आईंनीच अडवलं.

"ढकलू नको. तो तुमचा मास्तर पक्षी दाखवतो ना?"

"हो."

"मग कावळा पण पक्षीच." त्यांनी पदर खोचला. "पानाचं सामान मी घेते. शुक्रवारी दुपारी जिथं असू तिथं पान ठेवीन. एकदा खरा कावळा शिवू दे, मग मी काही म्हणून मागणार नाही. त्यांचं काहीतरी राहिलंय गो. मला झोपेत पण तेच वाटतं."

मी यादीत केळीचं पान, तांदूळ आणि उडदाची डाळ वाढवली. कावळा काही यादीत लिहिता येत नव्हता.

कपड्यांचा नियम मी कसोशीने पाळला. यांचे जुने खाकी शर्ट काढले, एक मी घातला. बँकवाल्यांची बायको मात्र पोपटी साडीत खाली उतरली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "झाडांतच जायचंय ना? झाडं हिरवीच असतात की." आई नेहमीच्याच फिकट तपकिरी नऊवारीत होत्या. मास्तरांनी आम्हा सगळ्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आईंपाशी थांबले.

"अम्मा का ड्रेस नंबर वन. चिडिया को पता भी नहीं चलेगा."

मी अर्थ सांगितला. "मी काय पक्ष्यांसाठी नेसले नाही," आई म्हणाल्या. पण बसमध्ये मास्तरांच्या मागचीच खिडकी त्यांनी धरली.

बस राजापूरकडच्या भाऊंनी आणली होती. ते एका बांधकाम कंपनीत मजुरांची ने-आण करत आणि सुटीला परवानगी काढून आमच्या सहलींना येत. आईंना ते काकी म्हणत, कारण दोघांच्या बोलण्यात एकाच मुलखाचा हेल होता.

खजुरीच्या त्या बागा मी रस्त्यावरून शंभरदा पाहिल्या होत्या. आत कधी गेले नव्हते. आत गेल्यावर रस्ता गायबच झाला. वर झावळ्यांची दाट सावली, खाली डाळिंबं, लिंबं, जनावरांसाठी लावलेला हिरवागार लसूणघास आणि मधून वाहणारे पाण्याचे पाट. झाडं इतकी जुनी की काही वाकून जमिनीला टेकली होती आणि तिथून पुन्हा वर उठली होती. मास्तर म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या आजोबांनीही ती अशीच पाहिली असणार. आईंनी पाटाच्या पाण्यात हात घातला आणि म्हणाल्या, "पोफळीच्या बागेत आल्यासारखं वाटतं." बहरीनबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला उद्गार.

गप्प राहणं मात्र आम्हाला जमेना. आधी बांगड्या वाजल्या. मग यांना शिंक आली. मग मास्तरांनी एकदम हात वर केला, मान तिरकी करून कानोसा घेतला आणि कुजबुजले, "ये कौन सा पक्षी है? मैंने कभी सुना नहीं."

आम्ही श्वास रोखला. भाऊंनी चिवड्याची पिशवी हळूच पाठीमागे लपवली.

तरीही पक्षी दिसले. गालावर पांढरा ठिपका असलेले बुलबुल दिसले. पाटावर वाकलेल्या फांदीवर निळाजांभळा खंड्या दिसला. आणि मग लसूणघासात, अगदी दहा पावलांवर, डोक्यावर पंखा उघडावा तसा तुरा उघडून एक हुदहुद चालत आला. अंगावर झेब्र्यासारखे पट्टे. चार पावलं चालायचा, चोच जमिनीत खुपसायचा, पुन्हा चार पावलं. बँकवाले ओणवे होऊन फोटो काढत होते.

"सुलेमान नबी का पोस्टमन," मास्तर आईंना म्हणाले. "इधर की खबर उधर."

आईंनी त्याला नीट पाहिलं. "छान आहे. हा पण नाही," त्या म्हणाल्या. खंड्यालाही त्यांनी हेच म्हटलं होतं आणि बुलबुलालाही.

"अम्मा किसको ढूंढती है?" मास्तरांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत आईंनीच सांगितलं. "वो कावळा किधर है? काला. काव काव."

"कौआ?" मास्तर हसले. "कौआ इधर मफी, है ही नहीं, अम्मा. बंबई में देखने का. इतना सब चिडिया है और आपको कौआ मंगता?"

मग त्यांनी आईंचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं: दहावा दिवस, गवताचा कावळा, उद्याची तिथी. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. टोपी काढून डोकं खाजवलं.

"मीना सलमान के पास," ते म्हणाले. "पोर्ट के बाहर मच्छीवालों का धक्का है ना, उधर दो-तीन बार देखा है. बंबई का जहाज आता है, उसके ऊपर बैठ के आता है. आएगा नहीं आएगा, मैं बोल नहीं सकता. इंशाल्ला."

भाऊंना हे फारच आवडलं. "बघा काकी," ते म्हणाले, "ना पासपोर्ट, ना व्हिसा. आम्ही इथं यायला काय काय केलं, नि हा मेला जहाजावर बसून फुकटात."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला खिरीच्या वासाने जाग आली. बागेतल्या घराच्या स्वयंपाकघरात आई एकट्याच गॅसपाशी उभ्या होत्या. वडे तळून झाले होते, वालाची उसळ झाकून ठेवली होती, तांदळाची खीर शिजत होती. मी नेहमीच्या सवयीने सामान तपासलं. साखरेचा डबा न उघडलेला.

"आई, खिरीत साखर राहिली."

"राहिली नाही. घातली नाही."

"का?"

"त्यांना चालत नव्हती ना."

त्या ढवळत होत्या. "अहो आई," मी म्हटलं, "आता काय होणार आहे?"

"डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं. एवढी वर्षं सांभाळलं, आता मीच कशी घालू?" गॅस बारीक करून त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी गोड मागायचे. लहान पोरासारखे. मी दिलं नाही."

नैवेद्य त्यांचा, नवरा त्यांचा. मी खीर घट्ट झाकणाच्या डब्यात भरली आणि केळीचं पान ओल्या फडक्यात गुंडाळलं.

माळरानात गेलो तेव्हा ऊन कोवळं होतं. लांबून ते नुसतं ओसाड दिसतं. जवळ गेल्यावर गुडघ्याएवढी झुडपं, प्रत्येकाच्या बुडाशी वाऱ्याने साठवलेली वाळूची उशी आणि त्या उशीवर रात्रीच्या पावलांची नक्षी. मास्तर काठीच्या टोकाने दाखवत होते: हा ससा, हा उंदीर, हा बिटल. एका झुडपाआडून खरोखरचा ससा उठला आणि मोठे कान पाडून असा पळाला की आमच्यातलं कोणीच आवाज करायचं विसरलं नाही. चंडोल वर चढत गाऊ लागला. पोपटी साडीही त्या दिवशी माझ्या खाकी शर्टात होती.

आई बसच्या पायरीवर बसून होत्या. पिशवी मांडीवर. मी दुर्बीण नेऊन दिली तर त्यांनी ती पिशवीवर ठेवली.

माझा बेत असा होता: माळरानात जेवायचं, मग सावकाश तुबलीच्या खाडीवर, ओहोटी लागली की फ्लेमिंगो, दिवेलागणीला घरी. मीना सलमान त्यात कुठेच बसत नव्हतं. मास्तरांनी आठवण करून दिली, त्यांनाही जुम्म्याची नमाज गाठायची होती. धक्क्याजवळ मशीद होती. म्हणजे त्यांची नमाज आणि आमचं पान, दोन्ही बाराच्या सुमाराचीच.

"मग निघू या," हे म्हणाले.

"आणि फ्लेमिंगो?" बँकवाल्यांनी लेन्स छातीशी धरली. "अहो, कावळेच बघायचे तर पुण्यात काय कमी आहेत? आमच्या गच्चीवर रोज सभा भरते त्यांची."

"वेळ उरला तर फ्लेमिंगो," मी म्हटलं.

"आणि नाही उरला तर?"

आई पायरीवरून म्हणाल्या, "राहू दे गो. तुम्ही तुमचे बगळे बघा. माझं काय, मी गच्चीवर ठेवीन पान."

त्यावर बँकवाले एकदम ओशाळले. "तसं नाही हो काकू," ते म्हणाले आणि सगळ्यांत आधी जाऊन बसमध्ये बसले. भाऊंनी "यल्ला" म्हणून किल्ली फिरवली.

बंदराच्या कुंपणाबाहेर, मासळी उतरवायच्या धक्क्यावर शुक्रवारची सामसूम होती. होड्या बांधलेल्या, जाळी वाळत घातलेली. मास्तर मशिदीकडे गेले. आईंनी धक्क्याच्या कमरेएवढ्या भिंतीवर पाणी शिंपडलं, पान मांडलं, भात, वडे, उसळ वाढली आणि खिरीची वाटी मधोमध ठेवली. हात जोडले. मग आम्ही सगळे बसच्या सावलीत मागे सरकलो.

आधी समुद्रपक्षी आले. ते पांढरेधोट, लबाड डोळ्यांचे. यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्यांना हाकललं. पुन्हा आले, पुन्हा हाकललं. मग एक मांजर आलं. त्याला भाऊंनी पिटाळलं. मशिदीतून प्रार्थनेचा आवाज येत होता आणि आमच्याकडे कोणी काही बोलत नव्हतं. दोन दिवसांत पहिल्यांदा आम्ही मास्तरांचा तिसरा नियम पाळत होतो आणि बघायला मास्तरच नव्हते.

"काव."

आईंनी माझं मनगट धरलं.

दिव्याच्या खांबावर तो बसला होता. मानेला राखाडी रंग, चोच जाड. "आपलाच," आई पुटपुटल्या. "आपल्याकडचाच गो."

तो खाली आला. भिंतीवर उतरला, तिरका तिरका उड्या मारत पानापाशी गेला, पानाभोवती एक फेरी मारली, खिरीच्या वाटीत डोकावला. आणि मागे सरकला. पंख नीट केले आणि समुद्राकडे तोंड करून बसला.

"बोला काहीतरी," भाऊ कुजबुजले. "इच्छा राहिली असेल तर कबूल करायला लागतं."

हे पुढे झाले. "बाबा, आईला आम्ही काही कमी पडू देणार नाही." कावळा हलला नाही. भाऊ म्हणाले, "काकांनू, सुटीवर गेलो की तुमच्या पडवीची कौलं मी स्वतः परतून देतो." नाही. मी म्हटलं, "मे महिन्यात आईंना गावी नेऊन आणीन." कावळ्याने मान वळवून माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं.

"वहिनी, यादीत लिहून दाखवा," भाऊ म्हणाले. "त्याशिवाय त्याचा विश्वास नाही बसायचा."

मग कोणी न सांगता बँकवाले पुढे गेले आणि घसा साफ करून म्हणाले, "काका, आपली ओळख नाही. पण काकूंना कंटाळा येऊ देणार नाही. आमच्याकडे रोज पत्त्यांचा डाव असतो. पुण्याचा असलो तरी शब्द पाळतो."

कावळा जागचा हलला नाही. आईंच्या ओठांच्या कडा खाली गेल्या होत्या. त्या माझं मनगट सोडेनात आणि मला काय करावं ते सुचेना. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला दुसरी सोय तयार असते. इथे दुसरी सोय म्हणजे गवत.

तेवढ्यात नमाज सुटली आणि मास्तर परत आले. त्यांना वाटलं, आमचं अजून सुरू आहे, म्हणून ते अदबीने भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. थर्मास उघडून चहा ओतला. पत्र्याच्या डब्याचं झाकण काढलं, त्यावर दोन बिस्किटं ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून चहा फुंकू लागले.

कावळ्याने मान उचलली. पान, वडे, खीर, सगळं ओलांडून तो टुणटुण उड्या मारत भिंतीच्या त्या टोकाला गेला, झाकणावरचं एक बिस्कीट उचललं आणि खांबावर जाऊन बसला.

"या अल्ला," मास्तर म्हणाले. त्यांच्या हातातला चहा सांडला होता.

कोणी हसलं नाही. हसावं की नाही ते कळेना. भाऊ हळूच म्हणाले, "पण पानाला नाही शिवला."

आई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. चोर सापडल्यावर होतो तसा.

"बिस्कीट!" त्या म्हणाल्या. "मेलं माझ्या लक्षातच कसं नाही आलं! चहा दिसला की यांना बिस्कीट लागायचं. आजारपणात रोज मागायचे. मी डबा माळ्यावर ठेवला होता, तांदळाच्या पिंपामागे." तरातरा चालत त्या मास्तरांपर्यंत गेल्या. "मास्तर, वो डबा देव."

मास्तरांनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. आईंनी मूठभर बिस्किटं घेतली, पानापाशी आल्या आणि ती खिरीच्या वाटीत कुस्करली. मग आणखी मूठभर. मग वाटीवर मावेनात म्हणून भातावर.

"खा," त्या खांबाकडे बघून म्हणाल्या. "किती खायचं ते खा. आता डॉक्टर नाही नि मी पण काही बोलायची नाही."

त्या चार पावलं मागे सरकल्या न सरकल्या तोच तो उतरला आणि थेट वाटीत चोच घातली. खीर इतकी उडाली की पानावर, भिंतीवर शिंतोडे. एक घास, दुसरा, तिसरा. चोच बुडवून, मान वर करून गिळत होता. त्याच्यामागून, कुठून कोण जाणे, दुसरा कावळा आला आणि वड्यावर बसला.

"शिवला," भाऊ म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढली.

हे समुद्राकडे बघत होते. त्यांच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी तशीच होती. बँकवाल्यांनी लेन्स डोळ्याला लावली, मग काय वाटलं कोण जाणे, खाली ठेवली.

मास्तर आईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "अम्मा, खलास?"

"खलास," आई म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं, मास्तरांच्या डब्यातलं उरलेलं बिस्कीट घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्लं. तेव्हा कुठे आम्ही हसलो. आणि हसायला लागलो ते इतके की मासळीवाल्यांचं मांजर पळून गेलं.

पान मी उचलायला गेले तर त्यांनी हात धरला. "राहू दे. चाटून पुसून खाऊ दे." मी भांड्यांच्या यादीवर एक वाटी कमी लिहिली.

बसमध्ये बसताना आईंनी विचारलं, "ते गुलाबी बगळे लांब आहेत काय?"

लांब नव्हते. ओहोटी लागली होती. तुबलीच्या खाडीकाठी बस थांबली तेव्हा सगळ्यात पुढे आई. कडेच्या झाडांवर हात टेकून म्हणाल्या, "हे तर तिवर! आमच्या खाडीत हेच." मास्तरांना हे नाव फार आवडलं. ते दोनतीनदा म्हणून पाहत होते. मग आईंनी दुर्बीण मागितली. मास्तरांनी ती त्यांच्या डोळ्यांपुढे धरून चाक फिरवलं. समोर चिखलात शेकडो फ्लेमिंगो माना खाली घालून उभे होते आणि बँकवाले आनंदाने वेडे व्हायच्या बेतात होते.

आई खूप वेळ बघत राहिल्या. दुर्बीण खाली घेतच नव्हत्या.

"अम्मा, कैसा है?" मास्तरांनी विचारलं.

"रंग चांगला आहे. पाय जरा जास्तच झालेत." इतक्यात खाडीतून फ्लेमिंगोंचा कलकलाट उठला, बदकांना पडसं झाल्यासारखा. आईंनी दुर्बीण न हलवता मला सांगितलं, "सांग त्याला, आवाज मात्र मेला अगदीच वाईट. त्यापेक्षा कावळा बरा."